सातव्या पेटीवरचा शिक्का

१

"चोर गावातला निघाला तर तुझं डोकं. बाहेरचा निघाला तर माझी मिशी," तोकुमारू म्हणाला आणि त्याने वस्तरा पट्ट्यावर दोनदा घासून दाखवला.

"कुठे करायचं?"

"घंटेच्या मनोऱ्याखाली. पुढच्या महिन्याच्या कवायतीला. सगळ्या दलासमोर."

"बायकांसमोरपण?"

"बायकांना तर पुढे बसवू."

मी हात पुढे केला, सलूनमध्ये बसलेल्या तिघांनी टाळ्या पिटल्या, पैज पक्की झाली. तोकुमारूची मिशी पंचवीस वर्षांची, लग्नापेक्षा चार वर्षांनी मोठी. आणि माझे केस म्हणाल तर एक्कावन्नाव्या वर्षीही काळे कुळकुळीत, कुरळे. मी त्याला वस्तऱ्या म्हणतो, तो मला टोफ्या. तो हजामत करतो, मी टोफू करतो, आणि दोघंही इवाकुबोच्या बंबदलात आहोत. आपापले धंदे सांभाळून गावातल्याच सोळा जणांनी चालवलेलं दल. त्यात सर्वांत तरुण माणूस अडतीसचा, यावरून समजा.

खरं तर हसायची वेळ नव्हती. आदल्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, ओतावाआजींचं कोठार जळून गेलं होतं.

न्हाणीच्या धुराड्यातून ठिणगी उडाली, मार्चचा कोरडा वारा होताच. मी पहिला पोचलो. कोठारापासून वीस पावलांवर आमची आगीच्या सामानाची सात नंबरची लाल पेटी. झाकण उघडलं, पाइप काढला, नळाला जोडला, किल्ली फिरवली, आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला लावायला पितळी नोझल शोधतोय तर नोझलच नाही.

नोझलशिवाय पाइप म्हणजे दात पडलेला म्हातारा. थुंकी हनुवटीवरच. पाणी भसाभसा माझ्याच पायावर पडत होतं आणि आग वीस पावलांवर होती. खालच्या सहा नंबरच्या पेटीकडे माणूस धावला, नोझल घेऊन परत आला, तोवर छप्पर बसलं होतं. वाळवलेल्या मशरूमची पोती गेली. आजींच्या नवऱ्याने आयुष्यभर विणलेल्या बांबूच्या टोपल्या गेल्या. त्या विणणारा माणूस बारा वर्षांपूर्वीच गेलाय.

सगळं विझल्यावर आमचे दलप्रमुख नागातानी यांनी पेटीच्या झाकणाच्या आत डकवलेलं कार्ड वाचलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही आठही पेट्या तपासतो आणि कार्डावर शिक्का मारतो. पाचच दिवसांपूर्वीची तारीख होती. पाइप आहे, किल्ली आहे, नोझल आहे. खाली लाल शाईत, एक रेघही न पसरलेला नावाचा शिक्का. उशियामा.

उशियामाकाका बहात्तर वर्षांचे. दलात एक्केचाळीस वर्षं. त्यांनी कार्ड पाहिलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी दलाचा निळा कोट घडी करून प्रमुखांच्या घरी नेऊन दिला. त्यावर शिक्का ठेवला.

"शिक्का माझा, चूक माझी," एवढंच म्हणाले.

एप्रिलच्या कवायतीला जिल्ह्याचा माणूस येऊन त्यांना सेवापदक देणार होता. नावांची यादी वीस मार्चला जाणार होती. नागातानींनी त्यातून त्यांचं नाव काढलं. "पेटी न उघडता शिक्का मारणाऱ्याला पदक कोणत्या तोंडाने देऊ?" असं ते म्हणाले.

म्हणून मी चोराच्या मागे लागलो. रविवारनंतर नोझल चोरीला गेलं हे सिद्ध झालं की काकांचा शिक्का खरा ठरत होता. शिवाय चोर बाहेरचा निघाला की माझे केसही वाचत होते. आणि खोटं कशाला बोलू, मला मजाही येत होती.

२

पहिला संशय बितो भंगारवाल्यावर. पितळ म्हटलं की बितो. त्याचा ट्रक कर्णा लावून गावात फिरतो, जुने फ्रीज, सायकली उचलतो.

तो नदीकाठच्या वाड्यात पालथा पडलेला होता. कमरेवर तीन पट्ट्या चिकटवलेल्या.

"उठू नकोस," मी म्हणालो.

"उठता आलं असतं तर तुला आत घेतलं असतं का? फेब्रुवारीपासून असाच आहे. ट्रकवर मांजर व्यालीये, जाऊन बघ."

मी बघितलं. तीन पिल्लं होती.

"सात नंबरच्या पेटीतलं नोझल गेलंय," मी म्हणालो.

"कळलं. सगळं गाव माझ्याकडे बोट दाखवतंय तेही कळलं." त्याने मान उशीवर वळवली. "टोफ्या, तुला धंद्यातलं सांगतो. पेटीतली नळाची किल्ली आहे?"

"आहे."

"तीही पितळीच आहे, नोझलहून जड. मी किल्ली ठेवून नोझल नेईन? आणि आठ पेट्यांतली एकच फोडीन? माझ्या धंद्यात असं करणारा उपाशी मरेल."

मी निघालो तेव्हा तो मागून म्हणाला, "पितळच शोधायचंय तर वरच्या आळीत जा. त्या शहरातून आलेल्या कुरामोचीच्या खिडकीत. नवा दिवा केलाय त्याने. नोझलचा."

३

हे ऐकून मी त्याच पावली वर जायला हवं होतं. पण मी पडलो नाटक्या. दोन दिवस मी कुरामोचीच्या दारासमोरून उगीच फेऱ्या मारल्या, भिंग घेऊन त्याच्या फाटकावरच्या गोगलगायीची चौकशी केली, पोरंसोरं हसवली. टोफूच्या ठोकळ्यांवर बोटांचे ठसे उमटवून सलूनमध्ये पाठवले, 'संशयितांचे' म्हणून. वस्तऱ्याने ते सोया सॉस घालून खाल्ले आणि पुरावा चविष्ट आहे असं कळवलं. असे दहा-बारा दिवस गेले. ते दिवस आज मला परत पाहिजेत.

शेवटी एका सकाळी मी कुरामोचीचं दार वाजवलं. बँकेतून निवृत्त होऊन आलेला शांत माणूस. खिडकीत खरोखरच दिवा होता. पितळी नोझल उलटं उभं करून त्यावर कागदी टोपी.

"छान आहे," मी म्हणालो. "कुठल्या पेटीतला?"

त्याने दिवा उचलून माझ्या हातात दिला. बुडाशी दुसऱ्याच गावाचं नाव कोरलेलं, अक्षरं झिजलेली. आट्याही जुन्या पद्धतीच्या, आमच्या पाइपाला बसणार नाहीत अशा.

"जुन्या बाजारातून आणलं," तो म्हणाला. "तुमची कवायत बघून आवड लागली. दर महिन्याला फोटो काढतो मी. तुम्ही मला पाहून तोंडं वाकडी करता, आठवतं?"

"मार्चचे आहेत?"

त्याने कॅमेऱ्याची छोटी काच माझ्यापुढे धरली. आमची सात नंबरची पेटी. वरच्या चार पेट्या काकांच्या आणि माझ्या, खालच्या चार वस्तऱ्याच्या जोडीच्या. सात नंबर आम्ही मुद्दाम शेवटी ठेवतो, कारण तिथे आजींचा चहा असतो, त्यासाठी वस्तऱ्याही वर येतो. फोटोत उशियामाकाका वाकून कार्डावर शिक्का मारत होते. रस्ता कोरडा, पाइप अजून गुंडाळलेला, आणि पेटीच्या कडेवर, लख्ख, नोझल.

"होतं," मी म्हणालो. "नोझल होतं. काकांनी बघूनच शिक्का मारला." मला नाचावंसं वाटलं. "कुरामोची, तुम्ही एका माणसाची अब्रू वाचवलीत. हा फोटो आत्ताच्या आत्ता प्रमुखांना दाखवतो."

"पुढचाही आहे," तो म्हणाला. त्याचा स्वर मला आवडला नाही.

पुढच्या फोटोत पाण्याचा फवारा होता. फवाऱ्याखाली भिजलेला वस्तऱ्या, हात वर करून शिव्या घालणारा. आणि दोन्ही हातांत नोझल धरून, तोंड फाडून हसणारा माणूस मी होतो.

४

मी प्रमुखांकडे गेलो नाही. पाय आपोआप आजींच्या घराकडे वळले.

आजी जळक्या खांबांमध्ये बसून राख चाळत होत्या. टोपल्यांच्या तारा तेवढ्या उरल्या होत्या, त्या एका डब्यात गोळा करत होत्या.

"आलास," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, पहिल्या दोन दिवसांत येशील."

"तुम्हाला माहीत होतं, आजी?"

"माहीत नव्हतं. ओसरीवर बसून जे दिसलं ते जुळवत होते. बस. त्या दगडावर नको, काळा होशील." त्यांनी हात झटकले. "उशियामा शिक्का कधी मारतो?"

"सुरुवातीला. पेटी उघडली, सगळं बघितलं, की लगेच."

"का?"

"पाणी सोडल्यावर हात ओले होतात. शाई पसरते. कार्ड खराब झालेलं त्यांना खपत नाही."

"म्हणजे शिक्का खरा. पण तो पाणी सोडण्याआधीचा खरा. नंतर पेटी कोण भरतं?"

मी बुटाच्या टोकाने राख उकरत राहिलो.

"तू भरतोस," आजी म्हणाल्या, अगदी माझ्याकडे टोफूची वडी मागावी इतक्या साध्या आवाजात. "त्या रविवारी उशियामा नळ बंद करून माझ्याकडे चहाला आला. तू तोकुमारूला भिजवलंस, तो तुझ्यामागे धावला. ओला पाइप वाळायला न्यायचा म्हणून बदलीचा सुका पाइप तू आधीच पेटीत टाकला होतास. झाकण कशाने लावलंस?"

"पायाने."

"आग लागली त्या दिवशी पेटीतला पाइप ओला होता की सुका?"

"सुका."

"आणि नोझल शेवटचं कुठल्या पाइपाला लागलेलं होतं?"

"ओल्या."

आजींनी डब्याचं झाकण लावलं. "मग चोर कशाला शोधतोस बाळा? ओला पाइप कुठे आहे ते शोध."

तो कुठे होता हे शोधावं लागत नव्हतं. तिथूनच दिसत होता. खाली छपरांच्या वर आमचा घंटेचा मनोरा, आणि त्याच्यावर लटकत, त्या रविवारपासून वाळत असलेले आठ पांढरे पाइप.

५

वापरलेला पाइप मनोऱ्यावर मधोमध दुमडून टांगतात. दोन्ही टोकं खाली लोंबतात. टोकांना पितळी कड्या, वारा आला की त्या मनोऱ्याच्या लोखंडी पायावर आपटतात. दोनदा सगळं गाव ती आगीची घंटा समजून बादल्या घेऊन बाहेर आलेलं. मनोऱ्याला लागूनच वस्तऱ्याचं सलून, त्याने फार कटकट केली, तेव्हापासून सगळी टोकं एकत्र करून माझ्याकडच्या सोयाबीनच्या पोत्यात कोंबून बांधतात.

त्या रविवारी ती मीच बांधली होती. वस्तऱ्या आत कपडे बदलत होता. माझे हात पोत्यात होते आणि तोंड सलूनच्या दारात. "वस्तऱ्या, मिशी पिळून घे, नाहीतर गंजेल," असं काहीतरी ओरडत होतो. हाताला काय जड लागलं, काय गार लागलं, कुणाला पत्ता.

पोत्याची गाठ सुटेना. वस्तऱ्या साबणाचा हात घेऊन बाहेर आला.

"आता काय, मनोऱ्याला अटक?"

मी गाठीकडे बोट केलं. त्याने खिशातला छोटा वस्तरा काढून दोरी कापली. पोतं खाली गळलं. आठ पाइपांची सोळा टोकं सुटी झाली आणि त्यांतल्या एकाला आमचं नोझल अजून घट्ट आवळलेलं होतं.

पंधरा दिवस आम्ही त्याच्या खाली उभे राहून चोराला शिव्या देत होतो.

वस्तऱ्या हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही. त्याने नोझल सोडवलं, स्वतःच्या एप्रनला पुसलं.

"टोफ्या, पैज मी सोडली."

"चोर गावातला निघाला की."

"चोर नाही निघाला. गाढव निघालं. गाढवावर पैज नव्हती." मग ते माझ्या हातात देत म्हणाला, "आज तारीख किती?"

बावीस होती.

६

नागातानींनी माझ्यासमोर जिल्ह्याला फोन लावला. चारदा वाकून नमस्कार केला, फोनवरच. यादी गेली होती, वर मंजूरही झाली होती. वर्षातून एकदाच जाते.

मी उशियामाकाकांकडे गेलो. ते चहाच्या रोपांखाली गवत पसरत होते. मी बांधावर गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं, फवाऱ्यापासून पोत्यापर्यंत. त्यांनी गवत पसरणं थांबवलं नाही.

"पेटी तू भरलीस हे मला त्याच दिवशी माहीत होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? कार्डावर तुझं नाव आहे?"

"काका, तुम्ही बघितलं होतंत. तुमचा शिक्का खरा होता."

"खरा असून काय करायचाय? तू त्या नळाशी पाय ओले करत उभा होतास तेव्हा माझा शिक्का कामाला आला?" त्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "एक्केचाळीस वर्षं मी कार्ड स्वच्छ ठेवलं रे. जिल्ह्याचे लोक कौतुक करायचे, इवाकुबोची कार्डं बघा म्हणून. झाकण लावताना बघायचं सोडून मी शाई सांभाळत बसलो. तुझ्यासारखा पोरकट माणूस जोडीला आहे हे माहीत असून."

"पुढच्या वर्षी यादीत नाव..."

"पुढच्या वर्षी मी त्र्याहत्तरचा. आणि पदकाचं नाही काही." ते पुन्हा वाकले. "ओतावाकडच्या त्या टोपल्या. तिच्या नवऱ्याने विणल्या तेव्हा मी शेजारी बसून बांबू चिरून द्यायचो."

मी वाकून नमस्कार केला आणि एकही विनोद न करता निघालो. आयुष्यात पहिल्यांदा.

परतताना आजींकडे थांबलो. तुम्ही मला आधीच का नाही बोलावलंत, म्हणून विचारलं. थोडा रागच होता माझ्या आवाजात.

"मी सांगितलं असतं तर तू पकडला गेला असतास," त्या म्हणाल्या. "आपण होऊन आला असतास तर ते वेगळं. मला वाटलं, वाट बघू." मग तारांचा डबा मांडीवर घेत, "त्या यादीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझंही चुकलंच."

७

एप्रिलचा पहिला रविवार. सातला भोंगा झाला. मनोऱ्याखाली वस्तऱ्याने सलूनची खुर्ची आणून ठेवली. त्याने पुन्हा एकदा विचारलं, "नक्की?" मी बसलो.

दल रांगेत उभं होतं. रस्त्यापलीकडे बायका, म्हातारे, कुरामोची गळ्यात कॅमेरा घेऊन. बितोसुद्धा काठी टेकत आलेला. सगळे हसायच्या तयारीने आले होते. मी पैजेत काय काय करतो हे गावाला पाठ आहे.

"आधी बोलतो," मी म्हणालो. "सात नंबरची पेटी मी भरली. नोझल मी ओल्या पाइपासकट उचलून नेलं, मस्करीच्या नादात. उशियामाकाकांनी शिक्का मारला तेव्हा नोझल पेटीत होतं, फोटो आहे. आजींचं कोठार माझ्यामुळे गेलं. काकांचं पदक माझ्यामुळे गेलं. माफी मागतो. कर रे."

मशीन फिरलं. पहिला झुबका मांडीवर पडला तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं, मग गप्प झालं. वस्तऱ्या हळूहळू, कानामागे बोट धरून, लहान मुलाचं जावळ काढावं तसा काम करत होता. कुरामोचीने एकही फोटो काढला नाही.

उशियामाकाका बघ्यांच्या बाजूला उभे होते. स्वेटरमध्ये. एक्केचाळीस वर्षांत ते रस्त्याच्या त्या बाजूला कधी उभे राहिले नव्हते. नागातानी त्यांच्याकडे गेले. हातात घडी केलेला निळा कोट होता.

"उशियामादादा, दल वाट बघतंय," प्रमुख म्हणाले. "पदकाचं मला काही करता आलं नाही. पण हा तुमचाच आहे."

काकांनी कोटाकडे पाहिलं. घडी नीट आहे की नाही ते पाहावं तसं. मग कोट प्रमुखांच्या हातातच ठेवून ते रस्ता ओलांडून माझ्या खुर्चीपाशी आले.

माझं झालं होतं. वारा टाळूला बोचत होता. मी मान खाली घालून बसलो होतो, वर बघायची हिंमत नव्हती. त्यांच्या बुटांवर चहाच्या मळ्यातली माती होती.

"डोकं गार पडेल," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. तेव्हा कुठे मला कळलं की ती दलाची टोपी होती. कोट दिला, शिक्का दिला, टोपी तेवढी परत करायची राहून गेली होती.

"काका, ही..."

"सात नंबरची पेटी आज तूच उघड," ते म्हणाले. "लावतानाही बघ."

आणि ते मळ्याच्या चढाने निघून गेले, उघड्या डोक्याने. नागातानी कोट हातात धरून तसेच उभे राहिले. कुणीतरी पंप सुरू केला.